तेवीस एप्रिल : एका तारखेचा सांगोपांग विचार

दर वर्षी २३ एप्रिलला जगभर पुस्तक दिन साजरा होतो आणि त्यामागचे कारण प्रत्येक वक्ता पाठ म्हटल्यासारखे सांगतो : इंग्रजीतील थोर नाटककार विल्यम शेक्सपिअर आणि स्पॅनिशमधील थोर कादंबरीकार मिगेल द सर्व्हांटिस हे दोघेही १६१६ साली याच दिवशी निवर्तले. या विधानात दोन नावे, एक साल आणि एक दिवस असे चार घटक असून त्यांपैकी नावे व साल निर्विवाद आहेत, दिवस मात्र फार तर निम्मा खरा आहे. म्हणजे चारांपैकी साडेतीन घटक बरोबर निघतात. आणि ज्या समाजाचे मुहूर्तही साडेतीन, शक्तिपीठेही साडेतीन आणि शहाणेही साडेतीनच, त्या मराठी समाजाला एवढ्या भांडवलावर एखादा उत्सव उभा राहण्यात काही वावगे वाटण्याचे कारण नाही.

घोळ कालगणनेचा आहे. ज्युलियस सीझरने रूढ केलेल्या, आणि म्हणून ज्युलियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कालगणनेत वर्ष ३६५ दिवस आणि ६ तासांचे धरलेले होते. सूर्याचा हिशेब त्याहून सुमारे ११ मिनिटांनी कमी भरतो. अकरा मिनिटे हा साहित्यविषयक सभा सुरू होण्याच्या दृष्टीने विलंबच नव्हे. पण सूर्य सभेचा अध्यक्ष नसल्यामुळे त्याने वाट पाहिली नाही आणि सोळाव्या शतकापर्यंत थकबाकी दहा दिवसांवर गेली. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १५ ऑक्टोबर उगवेल असे ठरवून ती एका रात्रीत फेडून टाकली, आणि या सुधारलेल्या गणनेला ग्रेगोरियन हे नाव मिळाले. कॅथलिक स्पेनने ती लगेच स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडला गणित पटले असावे, परंतु गणिती पटला नाही, त्यामुळे तेथे जुनीच गणना १७५२ पर्यंत चालू राहिली. परिणामी शेक्सपिअर ज्या २३ एप्रिलला वारला, त्या दिवशी स्पेनमध्ये ३ मे उजाडलेला होता. सर्व्हांटिसविषयी अभ्यासकांचे आता बहुधा असे मत आहे की तो २२ एप्रिलला वारला व २३ ही त्याच्या दफनाची नोंद आहे. हे दोन्ही हिशेब जमेस धरले तर शेक्सपिअरने डोळे मिटले तो सर्व्हांटिसचा नेमका बारावा दिवस ठरतो, आणि जगातील सर्वांत प्रसिद्ध वाङ्मयीन योगायोग प्रत्यक्षात बाराव्याच्या जेवणाइतका लांबतो. शिवजयंती तिथीने की तारखेने हा वाद ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. नवल वाटलेच तर ते याचे वाटेल की युरोपात या प्रश्नावर दोन स्वतंत्र मिरवणुका निघत नाहीत.

शेक्सपिअरची जन्मतारीखही २३ एप्रिलच सांगतात, परंतु तिचा आधार एवढाच, की २६ एप्रिल १५६४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद सापडते आणि ती पाहून पुढच्या भक्तांनी तीन दिवस मागे मोजून सोयीस्कर तारीख काढली. तारखेच्या लोभातून मोठे लेखकही सुटलेले नाहीत. व्लादिमिर नाबोकोव्ह हा रशियन कादंबरीकार जुन्या गणनेप्रमाणे १० एप्रिल १८९९ रोजी जन्मला. त्या शतकात दोन गणनांमध्ये बारा दिवसांचे अंतर असल्यामुळे नव्या गणनेने ती तारीख २२ एप्रिल येते. परंतु १९०० नंतर हे अंतर तेरा दिवसांचे झाले, त्याचा लाभ घेऊन नाबोकोव्हने आपला वाढदिवस २३ एप्रिलला सरकवला आणि शेक्सपिअरच्या पंगतीत पाट मांडून घेतला.

याच १६१६ साली या सगळ्या घोळाचा एक जिवंत नमुना गोव्यात वावरत होता. त्या वर्षी सासष्टीतील रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ हा सुमारे ११ हजार ओव्यांचा मराठी ग्रंथ छापला गेला, आणि त्याचा कर्ता फादर थॉमस स्टीफन्स हा जन्माने इंग्रज होता. लेखक इंग्रज, राज्य पोर्तुगीज, भाषा मराठी, छंद ओवीचा, छपाई रोमन लिपीत आणि तारीख पोपची, अशी ही मांडणी होती; स्टीफन्सच्या मायदेशातील मंडळी त्याच्यापेक्षा दहा दिवस मागे राहत होती हे वेगळेच. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. प्रती संपण्याचे भाग्य लाभलेल्या मराठी पुस्तकांत तिचा क्रमांक बराच वरचा लागेल.

युनेस्कोने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षण, विज्ञान व संस्कृतीविषयक संघटनेने, पॅरिसच्या सर्वसाधारण परिषदेत १९९५ मध्ये हा दिवस जाहीर केला. परंतु त्याची मूळ कल्पना एखाद्या भावविभोर वाचकाची नसून बार्सिलोना येथील एका प्रकाशकाची होती, आणि हे कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. व्हिसेन्ते क्लावेल हा मूळचा व्हॅलेन्सियाचा गृहस्थ बार्सिलोनात सर्व्हांटिसच्याच नावाची प्रकाशनसंस्था चालवीत होता आणि पुस्तकांसाठी वार्षिक सण असावा, असा लकडा त्याने संबंधितांमागे लावला. राजा तेराव्या आल्फोन्सोच्या आदेशाने १९२६ मध्ये ७ ऑक्टोबरला, सर्व्हांटिसच्या मानीव जन्मदिवशी, हा सण सुरू झाला आणि १९३० मध्ये तो २३ एप्रिलला हलला. कॅटलोनिया या प्रांतात हा दिवस आधीपासूनच संत जॉर्ज, स्थानिक भाषेत सांत जोर्दी, याचा होता. या संताने राक्षसी सर्पाला मारले, त्याच्या रक्तातून गुलाब उगवला, आणि म्हणून पुरुषांनी स्त्रियांना गुलाब द्यावा अशी तेथे जुनी चाल होती. तिला आता स्त्रियांनी पुरुषांना पुस्तक द्यावे ही नवी चाल जोडली गेली. गुलाब दोन दिवसांत सुकतो, पुस्तक मात्र देणारीच्या अपेक्षेसह वर्षभर समोर राहते, तेव्हा या देवाणघेवाणीत कोणाचा फायदा झाला हे उघड आहे. अलीकडे दोघेही दोन्ही देतात.

त्या दिवशी बार्सिलोनाच्या रस्त्यांवर टेबले मांडून लाखो पुस्तके विकली जातात, लेखक सह्या करीत बसतात, आणि सर्वांत लांब रांग पुष्कळदा कवीसमोर नसून दूरचित्रवाणीवरच्या एखाद्या परिचित चेहऱ्यासमोर असते, याबद्दल तेथील लेखक दर वर्षी त्याच दिवशी हळहळतात. स्पेनच्या कायद्याने पुस्तकांच्या किमती ठरलेल्या असून एरवी पाच टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही. पुस्तक दिनाला मात्र ती दहा टक्क्यांपर्यंत नेता येते, आणि एवढ्यावर तेथील जनता रस्त्यावर उतरते. पुस्तक हातात घेऊन प्रथम मागचे पान, मग किंमत आणि मग विक्रेत्याचा चेहरा पाहणाऱ्या, व दहा टक्के ऐकताच पुस्तक जागच्या जागी ठेवणाऱ्या मराठी ग्राहकाला या उत्साहाचे मर्म कळणे कठीण आहे.

परंतु या उत्सवाचे खरे वैचित्र्य त्याच्या दैवताच्या निवडीत आहे. सर्व्हांटिसची ‘डॉन क्विक्झोट’ ही कादंबरी, जिचा पहिला भाग १६०५ मध्ये व दुसरा १६१५ मध्ये आला, ही जगातल्या कोणत्याही ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर लावण्याजोगी गोष्ट नाही. तिचा नायक लागवडीची जमीन विकून पुस्तके घेतो, दिवसरात्र ती वाचतो आणि वाचून वाचून त्याचे डोके फिरते, म्हणून तो सरदार बनून पवनचक्क्यांवर चालून जातो. त्याच्या घरची माणसे या रोगाचे निदान विनाविलंब करतात : दोष पुस्तकांचा. मग गावचा पाद्री आणि न्हावी यांची चौकशी समिती बसते, घर सांभाळणारी बाई ग्रंथांतल्या जादूगारांच्या भयाने तीर्थ शिंपडायला घेऊन येते, आणि एकेक पुस्तक हातात घेऊन जाळायचे की राखायचे याचा निवाडा सुरू होतो. साहित्यसमीक्षेच्या इतिहासात या प्रकरणाला मानाचे स्थान द्यायला हवे, कारण त्यात पुढच्या चार शतकांचे सगळे दंडक आलेले आहेत. प्रारंभी पाद्री प्रत्येक ग्रंथावर साधकबाधक अभिप्राय देतो. पुढे अभिप्राय त्रोटक होतात. शेवटी त्याला कंटाळा येतो आणि उरलेला गठ्ठा न पाहताच आगीत टाकावा असे तो सांगतो. मध्येच सर्व्हांटिसची स्वतःची एक जुनी कादंबरी हाती लागते, तेव्हा पाद्री तिचा लेखक आपला बऱ्याच वर्षांचा स्नेही असल्याचे सांगतो आणि दुसऱ्या भागाची वाट पाहावी या सबबीवर ती वाचवतो. समीक्षकाशी जुना स्नेह असण्याचे महत्त्व इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच कोणी नोंदवले असेल. उरलेल्या ग्रंथांची होळी होते, पुस्तकांची खोली भिंत घालून बुजवली जाते आणि ती एका मांत्रिकाने पळवली असे मालकाला सांगण्यात येते, ते तो मान्यही करतो. घरातून पुस्तके नाहीशी होण्याची कारणे त्यापेक्षा फारशी विश्वसनीय कधीच नसतात.

युनेस्कोच्या जाहीरनाम्यात हा दिवस पुस्तकांबरोबरच स्वामित्वहक्काचाही आहे, आणि येथे सर्व्हांटिसची निवड कोणी जाणूनबुजून केली असावी असे वाटण्याइतकी चपखल बसते. पहिल्या भागाला मोठे यश मिळालेले पाहून आव्हेयानेदा हे टोपणनाव घेतलेल्या कोणा लेखकाने १६१४ मध्ये त्याचा बनावट दुसरा भाग छापून टाकला. त्या काळी लेखकाला दाद मागण्याची सोय नसल्यामुळे सर्व्हांटिसने आपल्या पात्रांकडेच दाद मागितली. बनावट पुस्तकात नायक सारागोसा या शहरी जातो असे दाखवले होते. तेव्हा खऱ्या दुसऱ्या भागातला नायक ते ऐकून संतापतो आणि केवळ त्या लेखकाला खोटा पाडण्यासाठी सारागोसाचा रस्ता सोडून बार्सिलोनाला जातो. तेथे तो एका छापखान्यात शिरतो. आयुष्यभर पुस्तकांपायी वेड लागलेल्या या माणसाने छापखाना प्रथमच पाहिलेला असतो, आणि कुठे जुळणी चालली आहे, कुठे मुद्रिते तपासली जात आहेत, असे तो कौतुकाने बघत फिरतो. एका टेबलावर तोच बनावट भाग मुद्रितशोधनासाठी पडलेला असतो.

त्याच छापखान्यात त्याला एक अनुवादक भेटतो. इटालियनमधून केलेले पुस्तक हा गृहस्थ स्वतःच्या खर्चाने छापून घेत असतो, प्रती दोन हजार, किंमत प्रत्येकी सहा रियाल, आणि पहिल्याच आवृत्तीत एक हजार डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी, सुटतील असा त्याचा हिशेब असतो. पवनचक्कीला राक्षस समजणारा नायक हा हिशेब ऐकून शहाण्या माणसाप्रमाणे त्याला सावध करतो, की दोन हजार प्रती अंगावर पडल्यावर काय होते ते कळेलच. हे संभाषण छापून चारशे वर्षे उलटली. तरीही पदरमोड करून काढलेल्या काव्यसंग्रहाच्या न सुटलेल्या सुतळीचे गठ्ठे पलंगाखाली सरकवताना ते कोणा मराठी कवीच्या कानावर घालण्याचे धैर्य त्याच्या निकटवर्तीयांना होत नाही. पुढे कोणी तिसरा भाग लिहू नये म्हणून सर्व्हांटिसने नायकाला शेवटी मरण दिले. स्वामित्वहक्काच्या संरक्षणाचा हा मार्ग खर्चिक असला तरी कोर्टापेक्षा लवकर निकाल देणारा आहे. भारतीय कायद्यात आता लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हा हक्क टिकतो. म्हणजे लेखकाचा मृत्यू हा वाचकांच्या फुकट वाचनाचा पायाभरणी समारंभ असतो, आणि पुस्तकांचा सण लेखकांच्या पुण्यतिथीला ठेवण्यामागचे तर्कशास्त्र येथे कोठे तरी सापडावे.

स्वतः शेक्सपिअरच्या देशात २३ एप्रिलला हा दिवस सहसा पाळत नाहीत. त्या सुमारास शाळांना ईस्टरची सुटी असते, आणि तो संत जॉर्जचा, म्हणजे इंग्लंडच्या रक्षक संताचाही दिवस आहे. ज्या संताच्या सणाशी कॅटलोनियात पुस्तक दिनाची सांगड बसली त्याच संताची इंग्लंडात अडचण झाली. म्हणून ब्रिटनमध्ये मुलांचा पुस्तक दिन मार्चच्या पहिल्या गुरुवारी होतो. मुलांना एक पौंडाचे पुस्तकाचे कूपन मिळते आणि आवडत्या पुस्तकातील पात्राच्या वेषात शाळेत जायचे असते. त्याची आठवण घरात बहुधा बुधवारी रात्री होते. वाचनाचा हा सण त्यामुळे तेथील पालकांच्या दृष्टीने शिवणकामाचा सण ठरलेला आहे. वेल्सच्या सीमेवरील हे-ऑन-वाय या जुन्या पुस्तकांच्या गावात रिचर्ड बूथ या विक्रेत्याने १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला गावचा राजा घोषित केले होते, त्यात निदान तारखेचा घोळ नव्हता. त्या गावावरून स्फूर्ती घेऊन पाचगणीजवळच्या भिलार या स्ट्रॉबेरीच्या गावाला महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये पुस्तकांचे गाव केले, आणि घराघरांत पुस्तकांची कपाटे लागली. राजा कोणी झाले नाही, ग्रामपंचायत होतीच.

महाराष्ट्राला तसा दिवसांचा तुटवडा नाही. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आहे, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन आहे, साहित्य संमेलनात ग्रंथदिंडी निघते आणि पालखीत बसलेले ग्रंथ त्या दिवसापुरते तरी खांद्यावर घेतले जातात. या सर्व प्रसंगी पुस्तकाचे जे जे करता येते ते ते केले जाते : त्याची पूजा होते, प्रदर्शन होते, मिरवणूक निघते, त्याच्यावर व्याख्यान होते. वाचणे तेवढे होत नाही, कारण वाचन ही क्रिया बाहेरून पाहिली असता काहीच न करण्यापासून वेगळी ओळखता येत नाही आणि तिचे छायाचित्र चांगले येत नाही. शिवाय मंडपात बसून खरोखर वाचणारा प्रेक्षक हा वक्त्याचा अपमान समजला जातो.

या दृष्टीने पुस्तक प्रकाशनाचा मराठी विधी जवळून न्याहाळण्याजोगा आहे. पाच प्रती चकचकीत कागदात गुंडाळून, वर रिबिनीची गाठ मारून, ताटात ठेवून व्यासपीठावर आणल्या जातात. प्रमुख पाहुणे गाठ सोडू पाहतात, ती घट्ट बसते. डावीकडचे पाहुणे नखाने कागद फाडतात. पडद्यामागून कात्री येईपर्यंत निवेदिका पुस्तकाच्या प्रवासाविषयी बोलत राहते. मग पाचही मान्यवर मुखपृष्ठ लोकांकडे आणि कोरी बाजू स्वतःकडे करून प्रती छातीशी धरतात, त्यांतील एक उलटी असते, आणि छायाचित्रकार “सर, पुस्तक जरा खाली, चेहरा झाकतोय” अशी सूचना करतो, ती तत्काळ अमलात येते. पुढे अध्यक्ष सांगतात, की पुस्तक कालच रात्री हाती आले असल्यामुळे केवळ चाळता आले. परंतु चाळल्यावरही ते पाऊण तास बोलतात, आणि वाचले असते तर किती बोलले असते या विचाराने श्रोते प्रकाशकाच्या दिरंगाईबद्दल मनोमन कृतज्ञ होतात. सत्काराला हल्ली ‘बुके नको, बुक द्या’ असे धोरण आहे. ते स्तुत्य असले तरी पुष्पगुच्छ दुसऱ्या दिवशी कोमेजत असल्यामुळे पुढे कोणाला देता येत नसे. पुस्तक मात्र देता येते, आणि पहिल्या पानावरची ‘सप्रेम भेट’ व तिच्याखालची सही यांवरून त्याचा किती सत्कारांतून प्रवास झाला हे काळजीपूर्वक पाहणाऱ्यास ओळखता येते.

पुस्तक दिनी एका विषयाचा उल्लेख सर्वत्र टाळला जातो, तो म्हणजे वाचायला नेलेली आणि परत न आलेली पुस्तके. हा प्रश्न छपाईहून जुना आहे. संस्कृत हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक पुस्तकाच्याच तोंडी विनवणी घालत, की तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आपल्याला जपावे आणि मूर्खाच्या हाती देऊ नये. पाठ, कंबर आणि मान मोडून हे लिहिले आहे, याची आठवणही सोबत असे. काही लेखनिक पुढे असेही नमूद करीत, की समोर जसे दिसले तसे उतरवले, शुद्ध-अशुद्धाचा दोष आपला नाही. मुद्रितशोधकांना हे वाक्य आजही उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये विनवणीवर भिस्त न ठेवता साखळ्या वापरल्या. हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये कपाटाला साखळदंडाने बांधलेले ग्रंथ अद्याप पाहायला मिळतात, आणि ते उघडून वाचण्यासाठी वाचकालाच पुस्तकाच्या जवळ जाऊन बसावे लागते.

ज्यांच्याकडे साखळ्या नाहीत असे ग्रंथप्रेमी एका शापाचा आधार घेतात. पुस्तक चोरणाऱ्याच्या किंवा नेऊन परत न करणाऱ्याच्या हातात त्याचा साप व्हावा, अशा आशयाचा हा दीर्घ शाप पुन्हा बार्सिलोनाचाच, तेथील सान पेद्रो मठाच्या ग्रंथालयातला, म्हणून सांगितला जातो आणि जगभरच्या ग्रंथालयांत, पुस्तकांच्या दुकानांत आणि ग्रंथप्रेमावरील ग्रंथांत तो मोठ्या भक्तिभावाने उद्धृत होत आलेला आहे. वास्तविक तो एडमंड लेस्टर पिअर्सन नावाच्या एका अमेरिकन ग्रंथपालाने १९०९ मध्ये थट्टेने लिहिला. अठराव्या शतकातील एका जुन्या ग्रंथपालाचे पंचांग सापडल्याची बतावणी करून त्याने एक पुस्तिका काढली आणि हा शाप तीत घातला. काही परीक्षकांना ती पुस्तिका अस्सलच वाटली. तेव्हापासून हा शाप एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उसना जात आहे आणि मूळ मालकाकडे अजून परत आलेला नाही.